क्रुम्बाखच्या पार्कातला हीटर

देवश्री चांदोरकरच्या नाकावर राग असतो, असं तिच्या माहेरी म्हणत आणि लग्नानंतर सासरीही म्हणू लागले. सासरच्यांना त्याची चुणूक लग्नाच्या दिवशीच मिळाली. शालू नेसून, हातात हार घेऊन उभी असताना तिला दिसलं, की केटररच्या माणसांनी कार्यालयाच्या मागच्या दारापुढे खुर्च्यांचा डोंगर रचला आहे. तिनं अंतरपाट धरू दिला नाही. "आत्ता इथे आग लागली तर माणसं कुठून पळणार?" भटजी आ वासून बघत राहिले, आई कपाळाला हात लावून बसली, पण खुर्च्या हलल्या आणि मगच मंगलाष्टकं सुरू झाली. त्या सगळ्या गोंधळात एकटे तिचे सासरे, दत्तात्रय चांदोरकर ऊर्फ अप्पा, मिशीत हसत होते. अप्पा पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांना ही सून पहिल्या दिवसापासून आवडली.

देवश्रीचा नवरा उत्कर्ष जर्मनीत झिंडेलफिंगेनला इंजिनिअर होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका फर्ममध्ये टेस्टिंगचं काम. देवश्री तिथल्या एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मदतनीस म्हणून लागली होती. मुलगी उर्जा शाळेत जायची, घरात मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये द्यायची. सगळं बरं चाललं होतं. मग फ्लॅटच्या मालकाला स्वतःच्या मुलासाठी घर हवं झालं आणि त्यानं जागा सोडायला सांगितलं. त्या भागात भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय असतं हे तिथे राहणाऱ्यांनाच माहीत. एक फ्लॅट बघायला जावं तर जिन्यात माणसांची रांग, आणि रांगेत आपल्या मागे कुणी डॉक्टर नाहीतर वकील. चांदोरकरांना कुणी घर दिलं नाही. शेवटी उत्कर्षच्या ऑफिसातल्या कुणीतरी क्रुम्बाखच्या पार्कचं नाव सांगितलं.

गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, हेर क्रुम्बाख या माणसाच्या मालकीची ती जागा होती. तिथे ओळीनं मोबिलहाइम होती, म्हणजे कारखान्यात अख्खी तयार करून ट्रकवरून आणून ठेवलेली घरं. भिंती पातळ, छत बुटकं, पण पुढे मूठभर अंगण आणि खिडकीतून झाडं. उर्जा पहिल्याच दिवशी अंगणात उड्या मारू लागली. देवश्रीलाही घर आवडलं, हे मान्य करायला हवं.

बाहेरची खोली आणि मागची खोली यांच्या मधे एक अरुंद कपाट होतं आणि त्यात गॅसचा हीटर. तो अशाच घरांसाठी बनवलेला होता. जळायला लागणारी हवा तो जमिनीखालून पाइपानं घ्यायचा आणि धूर छतावरच्या धुराड्यातून बाहेर टाकायचा. घरातल्या माणसांच्या हवेशी त्याचा काही संबंध नव्हता.

थंडीच्या तोंडावर हा हीटर बंद पडला. त्याच सुमारास अप्पा पुण्याहून आले होते. पत्नी गेल्यापासून ते एकटे होते, उत्कर्षनं हट्टानं व्हिसा काढून त्यांना बोलावलं होतं. ते स्वेटरवर स्वेटर चढवून शब्दकोडी सोडवत बसायचे. देवश्रीनं क्रुम्बाखला फोनवर फोन केले. तो आला, सोबत त्याचा मेव्हणा, आणि दोघांनी कुठल्यातरी पाडलेल्या जुन्या घरातला एक हीटर उचलून आणला होता. कपाटात तो कसाबसा बसवला. जुन्या धुराड्याला त्याचा पाइप जोडला, जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. जमिनीतलं हवेचं भोक आता कामाचं नव्हतं, म्हणून त्यावर फळी ठोकली आणि वरून फोम मारला.

"आता थंड वारा आत येणार नाही," क्रुम्बाख हात झटकत म्हणाला. "सगळं घट्ट बंद."

देवश्री कपाटासमोर उभी होती. "मग हा हवा कुठून घेणार?"

"घरातून. घरात हवा आहे की."

"आणि घरात कुठून येणार?"

क्रुम्बाखनं उत्कर्षकडे पाहिलं. "तुमची बायको इंजिनिअर आहे का?"

उत्कर्ष हसला. सभ्यपणे, मालकाला बरं वाटावं म्हणून. देवश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती क्रुम्बाखच्या प्रश्नानं नव्हे, त्या हसण्यानं.

"शोर्नस्टाइनफेगर येऊन बघून जाईल ना?" तिनं विचारलं. त्यांच्या किटामध्ये नवा बॉयलर बसला तेव्हा अशीच धुराडी तपासणारी सरकारमान्य बाई काळा पोशाख घालून आली होती. तिनं तपासून होकार देईपर्यंत कुणी तो चालू केला नव्हता, पोरं दिवसभर कोट घालून बसली होती.

"येईल, येईल. त्यांना फार कामं असतात," क्रुम्बाख म्हणाला आणि हीटर चालू करून निघून गेला.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं. "देवश्री, हे घर गेलं तर जाणार कुठे आपण?" उत्कर्ष म्हणाला. "त्या माणसाची इतकी घरं आहेत, त्याला कळत नसेल का? जरा अ‍ॅडजस्ट कर ना." अ‍ॅडजस्ट हा शब्द देवश्रीला जन्मभर ऐकवला गेला होता. बँकेत, नात्यात, विमानात, सगळीकडे. तिनं भांडी आपटली, पण घर उबदार झालं होतं, अप्पांनी एक स्वेटर उतरवला होता, आणि तीही गप्प बसली.

मग डोकेदुखी सुरू झाली. आधी अप्पांची, मग तिची, मग उर्जाची. खिडक्यांच्या काचांवर सारखं पाणी साचायचं. उर्जा शाळेतून हसत यायची आणि शनिवार-रविवार घरात मरगळून पडायची. "मामा, मिर इस्ट श्लेष्ट," म्हणजे आई, मला मळमळतंय, असं म्हणत पोट धरायची. अप्पांना जेवण जाईना, खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे. ज्याला त्याला कारण माहीत होतं. उत्कर्ष म्हणाला, अप्पांना थंडी मानवत नाहीये. डॉक्टर म्हणाला, साथ आहे, भरपूर पाणी प्या, चहा घ्या. भारतातून फोनवर नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही चाळिशीच्या पुढे गेलात, आता होणारच असं. क्रुम्बाख फोनवर म्हणाला, "तुम्ही लोक खिडक्या उघडत नाही. जर्मनीत राहायचं तर हवा खेळती ठेवायला शिका." ज्यानं भोकावर फळी ठोकली तोच हे सांगत होता. देवश्रीनं त्याला तपासणीबद्दल पुन्हा विचारलं. "हो, हो, पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. तो आठवडा काही उजाडला नाही.

दिवाळीतला रविवार होता. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता, अप्पांना हुडहुडी भरत होती, म्हणून सगळ्या खिडक्या बंद. देवश्री सकाळपासून चकल्या तळत होती. तेलाचा वास घरात कोंडू नये म्हणून शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा तिनं सगळ्यात जोरात लावला होता. अप्पा कपाटाला लागून असलेल्या खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसले होते. उर्जा सोफ्यावर कण्हत होती. देवश्रीच्या कपाळात घण पडत होते आणि सोऱ्या हातातून निसटत होता.

"बघ, पुन्हा उर्जाचं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "मी उद्या त्या माणसाच्या ऑफिसात जाऊन बसणार आहे."

"तू सारखी चिडचिड करतेस म्हणून तिचं डोकं दुखतं," उत्कर्ष म्हणाला. "सणासुदीलाही तुला शांत राहता येत नाही."

देवश्रीनं शेगडी बंद केली, सोऱ्या ओट्यावर आदळला आणि दार उघडून बाहेर गेली. कोट घेतला नाही, पायात स्लिपर. दार मागे खाडकन बंद झालं. ती कुंपणापर्यंत गेली आणि पावसात उभी राहिली. नवऱ्याला काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव करत होती. पाय लटपटत होते. ते रागानं, असं तिला वाटलं. पण थोड्या वेळानं डोकं हलकं झालं. घण थांबले. एखाद्यानं कपाळावर आवळलेला पट्टा सोडावा तसं वाटलं, आणि त्या मोकळ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. घरात दुखतं. बाहेर दुखत नाही. शाळेत उर्जाचं दुखत नाही. किटामध्ये माझं दुखत नाही. अप्पा बाहेर पडतच नाहीत.

ती धावत सुटली. दार उघडलं तर उत्कर्ष स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "उठता येत नाहीये गं." उर्जानं सोफ्यावर ओकारी केली होती आणि त्यातच तिचं डोकं पडलं होतं. अप्पांची मान छातीवर लोंबत होती. गाल लालबुंद, तब्येत सुधारल्यासारखे.

देवश्रीनं श्वास रोखला. आधी पोरीला उचललं आणि बाहेर ओल्या गवतावर नेऊन ठेवलं. मग अप्पांना काखेत हात घालून ओढलं. खुर्ची उलटली, त्यांचा चष्मा पडून तिच्याच पायाखाली फुटला. उंबऱ्यावर त्यांची टाच अडकली तेव्हा तिच्या तोंडून अशी शिवी निघाली, की ती तिनं आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. उत्कर्ष रांगत रांगत बाहेर आला. शेजारच्या घरातून फ्राऊ ग्युंथर, एकटी राहणारी म्हातारी, रजई घेऊन धावत आली आणि तिनंच फोन लावला.

अग्निशमन दलाची माणसं आली. पहिला माणूस दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याच्या जाकिटावर अडकवलेला छोटा डबा किंचाळू लागला. तो तसाच मागे सरला आणि ओरडून सगळ्यांना मास्क लावायला सांगितलं. देवश्री गवतात बसून, अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन तो आवाज ऐकत होती. एवढासा डबा दारातूनच ओरडला, आणि आम्ही आत राहत होतो, झोपत होतो, जेवत होतो. तिला रडू आलं नाही. दात इतके आवळले गेले होते की जबडा दोन दिवस दुखत राहिला.

उर्जा आणि उत्कर्ष लवकर सावरले. अप्पांना दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नेऊन जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवावं लागलं. ते शुद्धीवर आले, देवश्रीकडे बघून हसले आणि म्हणाले, "अगं, ते दे ना... ते..." आणि थांबले. हात डोळ्यांकडे नेत होते. चष्मा हा शब्द त्यांना सापडत नव्हता. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे शब्द नीट केले, ते अप्पा चष्मा या शब्दासाठी हवेत चाचपडत होते. डॉक्टर म्हणाली, काही दिवसांत सुधारणा होईल, पण पूर्ण होईल असं सांगता येत नाही.

इकडे क्रुम्बाख पोलिसांना सांगून मोकळा झाला होता. भारतीय कुटुंब आहे, घरात तेलात तळतात, पंखा लावून ठेवतात, खिडक्या उघडत नाहीत, हवेचं भोकही त्यांनीच बुजवलं असणार. उत्कर्षनं हे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये देवश्रीला सांगितलं आणि चाचरत पुढे म्हणाला, "पंखा आपणच लावला होता, हेही खरंच आहे ना. वकील वगैरे नको. अप्पा वाचले, हेच खूप झालं. आपला राहण्याचा परवाना..."

"तुझ्या बापाला चष्मा म्हणता येत नाही," देवश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण समोरून येणारी नर्स थबकली. "आणि तू मला पंख्याचं सांगतोस? स्वयंपाकघरातला पंखा लावला म्हणून माणसं मरतात का, उत्कर्ष? परत त्या माणसाची बाजू घेतलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि हे मी रागात म्हणत नाहीये."

उत्कर्ष भिंतीला टेकून उभा राहिला. मग त्यानं फोन काढला आणि तिच्यासमोरच वकिलाची वेळ मागितली.

धुराडी तपासणारी फ्राऊ ओस्वाल्ड पोलिसांबरोबर आली तेव्हा देवश्री तिच्या मागोमाग घरात शिरली. नको म्हटलं तरी ऐकेना. फ्राऊ ओस्वाल्डनं कपाटाचं दार उघडलं आणि जोडावरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे बसवलंय कुणी? हा हीटर खोलीतली हवा खातो. असल्या लहान, घट्ट बंद घरात तो ठेवायचाच नसतो." तिनं समजावून सांगितलं: आधीच घरात हवा यायला वाट नाही. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग बाहेरची हवा जिथून मिळेल तिथून आत घुसते, आणि उघडी वाट उरते ती एकच, धुराडं. धूर वर जायचा तो उलटा खाली येतो आणि घरात पसरतो. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. फळी आणि फोम तिनं बारकाईनं पाहिले. ती फळी ज्या लांब फळीतून कापली होती तिचा उरलेला तुकडा क्रुम्बाखच्या शेडमध्ये पोलिसांना मिळाला.

"मला कळवलं असतं तर मी हा चालूच करू दिला नसता," फ्राऊ ओस्वाल्ड म्हणाली.

"मी सांगत होते," देवश्री म्हणाली. "सगळ्यांना सांगत होते."

मग तिनं ओस्वाल्डबाईंना विचारलं, की या माणसानं अजून किती घरांत असले हीटर लावले आहेत. बाई पार्कभर फिरल्या. बऱ्याच घरांत तोच प्रकार निघाला. एका घरात धुराड्याच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं होतं, दुसऱ्या घरात पाइप छताच्या खालीच संपला होता. त्यांनी तिथल्या तिथे ते हीटर बंद करून सील ठोकलं.

ऐन थंडीत अर्धा पार्क गारठला आणि लोक खवळले. पण क्रुम्बाखवर नाही, देवश्रीवर. अप्पांना बघून ती हॉस्पिटलातून परतली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पुढे फ्राऊ ग्युंथर, त्याच रजईत गुंडाळलेली, जी तिनं त्या दिवशी अप्पांवर घातली होती.

"तुम्ही यायच्या आधी इथे सगळं ठीक होतं," म्हातारी थरथरत म्हणाली. "आता माझ्या घरात बर्फ झालाय. मी आजारी पडले तर जबाबदार कोण?"

"हिवाळाभर तुमचं डोकं दुखतं, तुम्हीच मला सांगितलंत!" देवश्री ओरडली. तिचं जर्मन रागात तुटकं व्हायचं, लिंग-वचन उडून जायचं, पण ऐकू मात्र सगळ्यांना गेलं. "तुमच्या घरातही तोच हीटर आहे. मी तुम्हाला गारठवलं? मी? ज्यानं पैसे वाचवायला भंगार लावलं त्याच्या दारात जा की! तिथे का नाही जात? तो मालक आहे म्हणून? आणि मी परकी, म्हणून माझ्या अंगणात येऊन ओरडता?"

फ्राऊ ग्युंथरनं रजई आणखी आवळली. थंडीनं की कशानं, कोण जाणे. देवश्रीला तिचाही राग आला आणि तिच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघवेना म्हणूनही राग आला. तिनं म्हातारीचा हात धरला. "चला. सगळे चला."

ती वरात क्रुम्बाखच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. क्रुम्बाखनं आधी दार लावून घ्यायला पाहिलं, मग पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली. "बोलवा," देवश्री म्हणाली आणि त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. अंधार पडायच्या आत गावातल्या दुकानातून विजेचे हीटर भरलेली गाडी आली. योग्य हीटर बसेपर्यंत विजेचं बिल त्यानंच भरायचं, हे त्याच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. योग्य हीटर एकेक करून हिवाळा संपता संपता बसले.

खटला उभा राहिला. क्रुम्बाखला दंड झाला आणि शिक्षा झाली, पण ती तुरुंगाबाहेर राहून भोगायची. मेव्हण्याला दंड. पार्क क्रुम्बाखकडेच राहिला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यानं देवश्रीला गाठून विचारलं, "मग, आता समाधान झालं?"

"नाइन," म्हणजे नाही, एवढंच ती म्हणाली. आणखी खूप म्हणायचं होतं. त्या भाषेत त्यासाठी शब्द नव्हते, की तिला येत नव्हते, तेही तिला समजेना, आणि त्याचाही राग आला. त्या वेळी पुढे झाला तो उत्कर्ष. तो क्रुम्बाखच्या तोंडासमोर उभा राहून मराठीत एवढं बोलला, एवढं बोलला, की वकील त्याला ओढत खाली घेऊन आला. गाडीत बसल्यावरही तो पुटपुटत होता. शांत हो, असं देवश्रीनं त्याला म्हटलं नाही.

अप्पा उन्हाळ्याआधी पुण्याला परतले, नणंदेकडे. बरेच शब्द परत आले, काही आले नाहीत. शब्दकोडं ते अजून उघडतात, पण कडेला पेन ठेवून नुसते बघत बसतात. व्हिडिओ कॉलवर देवश्रीला बघून त्यांचा चेहरा फुलतो. नाव आठवलं तर नावानं हाक मारतात, नाही आठवलं तर "आमची भांडखोर" म्हणतात. ती हसते, फोन ठेवते आणि आपटत आपटत भांडी घासायला घेते.

चांदोरकर अजून त्याच पार्कात राहतात. दुसरं घर मिळालेलं नाही. त्यांच्या घरातला नवा हीटर बाहेरची हवा घेतो. तो बसवला त्या दिवशी देवश्रीनं फ्राऊ ओस्वाल्डला सगळ्या खिडक्या बंद करून, स्वयंपाकघरातला पंखा जोरात लावून पुन्हा तपासायला लावलं. प्रत्येक खोलीत भिंतीवर वायू ओळखणारा छोटा डबा आहे.

गेल्या महिन्यात ओळीच्या टोकाच्या घरात म्युनिकहून बदली होऊन एक जोडपं राहायला आलं. श्रीपाद आणि चारुलता, नवीन लग्न झालेले. चहाला बोलवायला गेलेली देवश्री आत शिरली ती सरळ कपाटाकडेच वळली. श्रीपाद गडबडून आडवा आला.

"अहो ताई, ते हीटरचं कपाट आहे. सगळं ओके आहे म्हणून मालकांनी सांगितलंय."

"बाजूला व्हा," देवश्री म्हणाली आणि तिनं दार उघडलं.